गवळ्याची मूठ

माझा स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकते. घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि दवाखान्यात तर कुणाला सांगायचीही गरज नव्हती. सत्तरच्या दशकात कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या लॅबोरेटरीत मी टेक्निशियन होते. रक्त काढायचं, तपासायचं आणि आकडा लिहून वॉर्डात पाठवायचा, एवढंच काम. पण ते मी चोख करायचे आणि चोख करते याची मला घमेंडही होती. काचेची सिरिंज उकळून झाली की ओव्हनमध्ये ठणठणीत कोरडी केल्याशिवाय मी हातात धरत नसे. ओल्या सिरिंजमध्ये रक्त घेतलं की पेशी फुटतात, वरचं पिवळं पाणी लालसर होतं आणि त्यातून निघालेला आकडा बिनकामाचा ठरतो. "रक्त फुटलेलं आहे, पुन्हा पाठवा" असा शेरा मी दुसऱ्यांच्या नमुन्यांवर रोज मारायचे. माझं रक्त फुटलं असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्याच सुमारास आमच्याकडे एक डॉक्टर मुंबईहून नवीन काम शिकून आले होते. मूत्रपिंडं बंद पडलेल्या माणसाच्या बेंबीखाली ते एक कडक नळी घालायचे. वर टांगलेल्या बाटल्यांमधून दोन लिटर पाणी पोटात सोडायचं, अर्धा-पाऊण तास ते आत राहू द्यायचं आणि मग खाटेखालच्या बाटल्यांत उतरवून घ्यायचं. त्या पाण्याबरोबर अंगातलं विष बाहेर येतं. लगेच पुढच्या दोन बाटल्या. असं दोन-तीन दिवस अखंड चालायचं. आत किती गेलं, बाहेर किती आलं, हे सिस्टर कागदावर मांडत. बाटल्या कोमट करायला खाटेजवळ गरम पाण्याचं घमेलं असायचं. आता उशाशी यंत्र उभं करतात, ते बराचसा हिशेब स्वतःच ठेवतं. तेव्हा यंत्र म्हणजे आम्हीच.

त्या डॉक्टरांना माझ्याकडून दिवसातून दोनदा दोन आकडे लागायचे. एक युरियाचा आणि दुसरा पोटॅशियमचा. युरिया दोन तास इकडेतिकडे झाला तरी कुणी मरत नाही. पोटॅशियमचं तसं नाही. रक्तात हा क्षार साडेतीन ते पाचाच्या दरम्यान हवा. फार वाढला तर हृदय बंद पडतं, फार कमी झाला तर आधी हातपाय लुळे पडतात आणि मग हृदयच दगा देतं. बाटलीतल्या पाण्यात पोटॅशियम अजिबात नसायचं, त्यामुळे रोग्याचं वाढलेलं पोटॅशियम धुऊन निघायचं. पण धुता धुता ते फार खाली जाऊ नये म्हणून, माझा आकडा चाराच्या खाली आला की डॉक्टर प्रत्येक बाटलीत पोटॅशियमचं इंजेक्शन मिसळायला सांगायचे. म्हणजे ते इंजेक्शन केव्हा फोडायचं हे माझ्या चिठ्ठीवर ठरायचं.

एका सोमवारी दुपारी गडमुडशिंगीचा एक गवळी दाखल झाला. चाळिशीचा, उंच, हाडापेराने मजबूत. चार म्हशी होत्या. संध्याकाळी त्या शहरात आणून कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून ताजं दूध विकायचा. जुलाब-उलट्यांनी चार दिवसांत त्याचं पार चिपाड झालं होतं आणि दोन दिवस लघवीचा थेंब नव्हता. बरोबर त्याची बायको होती, बुटकी, चुणचुणीत, डोक्यावरचा पदर दातात धरून उभी राहणारी.

अंगातलं पाणी संपलं की शिरा आत ओढल्या जातात. त्याच्या दोन्ही हातांना मी चार ठिकाणी टोचलं, रक्त येईना. सुया तेव्हा पुन्हा पुन्हा वापरायच्या, दगडावर घासून धार लावायच्या, त्यामुळे चार वेळा टोचणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच माहीत. तो बिचारा हूं की चूं करत नव्हता. पण वाट बघणारे सतरा नमुने माझ्या ट्रेमध्ये होते आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर.

"हात असा मेल्यासारखा टाकून काय बसलात?" मी ओरडले. "मूठ दाबा, सोडा. दाबा, सोडा. मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही." पाचव्या टोचण्याला शीर मिळाली. ट्यूबवर चिकटपट्टी लावता लावता मी बायकोकडे वळले. "आणि तुम्ही ऐका. उद्यापासून मी येईन तेव्हा यांचा हात तयार पाहिजे. मला इथं अर्धा तास घालवायला वेळ नाही."

"व्हय बाई," ती म्हणाली.

पोटॅशियम सहा पूर्णांक सात आलं. डॉक्टरांनी संध्याकाळीच नळी घातली आणि पाणी सुरू केलं.

मंगळवारी सकाळी आठला मी वॉर्डात गेले. त्याची खाट सगळ्यात शेवटी, नळाजवळ. मी पहिल्या खाटेपासून सुरुवात करायचे, त्यामुळे त्याच्यापर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागायची. पोचले आणि बघते तर काय, हात खरंच तयार! दंडाला टॉवेल आवळून बांधलेला, मूठ दाबणं-सोडणं चाललेलं, आणि कोपराच्या खळग्यात शीर अशी टरारून आलेली की डोळे मिटून सुई घालावी. मी इतकी खूश झाले की दंडाला बांधायची माझी रबराची पट्टी ट्रेमधून बाहेरसुद्धा काढली नाही. त्या टॉवेलावरच काम भागवलं. एका टोचण्यात पाच सीसी रक्त.

"शाब्बास," मी म्हटलं. "पेशंट असावा तर असा." नवरा-बायको दोघंही हसले. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला मी त्याचं उदाहरणही दिलं. टॉवेल कधी बांधला, हे विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.

पोटॅशियम मोजायचं यंत्र ज्वालेवर चालायचं. रक्तातलं पिवळं पाणी पातळ करून ज्वालेत फवारायचं आणि ज्वालेच्या रंगावरून काटा हलायचा. वारा लागला की ज्वाला थरथरते, म्हणून ती खोली दारं-खिडक्या लावून बंद. पंखा नाही. आत शिजून निघत आम्ही काट्याकडे बघत बसायचो. सकाळी सहा पूर्णांक एक आलं. दुपारी तीनच्या नमुन्यात पाच पूर्णांक सात. युरिया मात्र झपाट्याने उतरत होता.

डॉक्टर स्वतः लॅबमध्ये आले. तरुण होते, बोलायला मऊ. "बाई, युरिया एवढा उतरतोय, मग पोटॅशियम का रेंगाळतंय? रक्त फुटलं नव्हतं ना?"

मी ट्यूब त्यांच्या नाकासमोर धरली. वरचं पाणी पेंढ्याच्या रंगाचं, स्वच्छ. "माझं रक्त फुटत नाही, डॉक्टर." यंत्र मी पोटॅशियमचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावणावर पुन्हा तपासून दाखवलं. काटा बरोबर जागेवर आला. डॉक्टर तीच चिठ्ठी घेऊन वॉर्डात परत गेले. ईसीजीचं यंत्र त्या आठवड्यात बिघडून पडलं होतं, नाहीतर हृदयाची रेघ बघून त्यांना अंदाज आला असता. त्यांच्याकडे माझ्या चिठ्ठीशिवाय दुसरं काही नव्हतं.

बुधवारी सकाळी पुन्हा टॉवेल, पुन्हा मूठ, पुन्हा टरारलेली शीर. मूठ थोडी मंद चालत होती, हे मला दिसलं होतं. बायको म्हणाली, "बाई, कालपास्नं पाय उचलंना झाल्यात ह्यांचं." मी म्हटलं, "एवढ्या आजारात अशक्तपणा येणारच." आकडा बरोब्बर पाच आला. डॉक्टरांनी बाटलीत काही मिसळायला सांगितलं नाही. पाच असताना कोण सांगेल?

दुपारी तीनला मी त्याच्या खाटेशी पोचले, तेव्हा टॉवेल दंडाखाली नुसता पडलेला होता. त्याचा हात चादरीवर उताणा, बोटं अर्धवट वाकलेली. बायको त्याच्या उशाशी रडवेली होऊन उभी होती.

"बाई, त्यास्नी मूठ वळंना आज. गाठ माराय गेलो तर हातच खाली पडतोय. जरा थांबा की, मी चोळून देतो." आणि ती खरंच त्याचा हात धरून कोपराकडे चोळायला लागली.

"राहू द्या," मी म्हटलं. दोन दिवस पाणी-सलाईन चढल्यामुळे शिरा आता तशाही भरलेल्या होत्या. पट्टी न बांधताच रक्त सहज आलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि पुटपुटला, "रागावू नगासा बाई, हात ऐकंना." मी काहीतरी 'हो हो' केलं आणि निघाले.

काटा दोन पूर्णांक सहावर थांबला.

माझा विश्वास बसला नाही. पुन्हा फवारलं, पुन्हा तेच. द्रावणावर यंत्र तपासलं, बरोबर. सकाळची उरलेली ट्यूब काढून तीही पुन्हा लावली. पाच. एकाच माणसाचं रक्त, सात तासांचं अंतर, आणि एवढी घसरण शक्यच नाही. म्हणजे दोनातलं एक खोटं. मी त्या बंद खोलीत घामाने निथळत उभी राहिले आणि पहिल्यांदा मनात आलं ते खरं तेच सांगते. मला वाटलं, दुपारचा नमुना टाकून द्यावा, "अपुरा" म्हणून लिहावं आणि उद्या बघावं. दोन दिवस मी छातीठोक आकडे पाठवले होते. ते खोटे होते असं आपल्याच हाताने लिहायचं?

मग त्याचं ते वाक्य आठवलं. हात ऐकंना. पोटॅशियम कमी झालं की आधी हातपाय लुळे पडतात, हे मीच दरवर्षी नव्या मुलींना शिकवत होते. चिठ्ठी न लिहिताच मी वॉर्डाकडे पळाले. त्या वयात, त्या साडीत, जिन्यावरून मी पळालेली त्या दवाखान्याने कधी बघितली नव्हती.

"हा टॉवेल तुम्ही कधी बांधत होता?" मी बायकोला विचारलं.

"तुमी तिकडं पैल्या खाटंपाशी दिसलासा की. मी दाराशी हुबी ऱ्हायची. तुमी आलासा की ह्यास्नी सांगायची, आन् बांधायची."

"आणि मूठ?"

"ती बी तवापास्नंच." तिला माझ्या विचारण्याचं नवल वाटत होतं. "आधी पान्हा आणाय लागतोय की वो बाई. म्हशीच्या कासंला हात फिरवल्याबिगर एकदम सड वडलं तर दूध येतंय व्हय? ह्ये म्हनलं, रगताचं बी तसंच आसनार. तुमी म्हनलावता न्हवं, हात तयार पायजे?"

मी म्हटलं होतं. शब्दन् शब्द माझा होता. पंधरा-वीस मिनिटं दंड आवळून, आयुष्यभर म्हशी पिळलेल्या त्या मुठीने तो स्नायू दाबत बसायचा. दाबलेल्या स्नायूतून पोटॅशियम त्याच अडवलेल्या रक्तात उतरत होतं आणि मी नेमकं तेवढंच रक्त काढून घेऊन जात होते. यंत्राने एकदाही चूक केली नव्हती. ट्यूबमध्ये जे होतं तेच त्याने सांगितलं. पण ते त्या कोपराच्या खळग्यातलं होतं, त्या माणसाचं नव्हतं. त्याच्या अंगातलं पोटॅशियम दोन दिवस बाटल्यांमधून वाहून चाललं होतं.

डॉक्टर शेजारच्या वॉर्डात होते. मी त्यांना दोन्ही आकडे सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. "कुठला खरा?" त्यांनी विचारलं. प्रश्न साधा होता. दोन पूर्णांक सहा खरा असेल तर ताबडतोब पोटॅशियम द्यायला हवं. पाच खरा असेल आणि लघवी बंद असलेल्या माणसाला आपण पोटॅशियम दिलं, तर आपणच त्याला मारणार.

"दुपारचा खरा," मी म्हटलं. "सकाळचा माझ्यामुळे चुकला. मंगळवारचे दोन्हीही."

त्यांनी रोग्याच्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. सिस्टरला त्यांनी पुढच्या बाटल्या थांबवायला सांगितल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मला पटतंय. पण बाई, नुसत्या पटण्यावर कसं देऊ?"

"चला माझ्याबरोबर," मी म्हटलं.

लॅबमध्ये मी खुर्चीवर बसले आणि डावा हात टेबलावर सैल ठेवला. डॉक्टरांना म्हटलं, रक्त घ्या. त्यांनी घेतलं. मग वॉर्डातून उचलून आणलेला गवळ्याचाच टॉवेल उजव्या दंडाला आवळून बांधून घेतला आणि मूठ दाबायला लागले. दाबा, सोडा, दाबा, सोडा. दोन मिनिटांत हाताला मुंग्या, पाच मिनिटांत ठणका. हात निळसर पडला. दहा मिनिटं झाली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते नुसत्या दुखण्याचं नव्हतं. तो माणूस रोज दोनदा याच्या दुप्पट वेळ हे करत होता, तेही पोटात नळी असताना, मी 'शाब्बास' म्हणावं म्हणून. डॉक्टरांनी दुसरं रक्त घेतलं.

डाव्या हाताचं पोटॅशियम चार पूर्णांक दोन आलं. उजव्या हाताचं पाच पूर्णांक नऊ. एकच बाई, एकच दुपार.

डॉक्टरांनी काट्याकडे बघितलं, माझ्या निळ्या हाताकडे बघितलं आणि धावतच वॉर्डात गेले. पुढच्या प्रत्येक बाटलीत इंजेक्शन मिसळलं गेलं, सलाईनमधूनही सावकाश, मोजून दिलं. त्या संध्याकाळी मी घरी गेले नाही. दर दोन तासांनी स्वतः रक्त काढलं, पट्टी न बांधता, हात सैल ठेवून. दोन पूर्णांक नऊ. तीन पूर्णांक दोन. गुरुवारी सकाळी तीन पूर्णांक आठ. त्या सकाळी मी खाटेशी गेले तेव्हा त्यानं आपणहून मूठ वळून मला दाखवली आणि मी, स्वभावाप्रमाणे, खेकसले, "सोडा ती आधी!" तो दचकला. मग मी हात जोडले आणि म्हटलं, "सोडा हो. नका दाबू." त्याला काही कळलं नाही, पण सोडली.

शनिवारी त्याला लघवी सुरू झाली. आणखी आठवड्याने तो आपल्या पायांनी घरी गेला. डॉक्टरांनी केसपेपरवर एवढंच लिहिलं, की नमुना हात सैल ठेवून, पट्टीशिवाय घ्यावा. चूक कुणाची ते लिहिलं नाही. मी त्यांना म्हटलं, लिहा. ते म्हणाले, "टॉवेल माझ्याही डोळ्यांसमोर होता." मला ते बरं वाटलं नाही. लिहिलं असतं तर एकदाचं फिटलं असतं.

नवरा-बायकोला मी काहीच सांगितलं नव्हतं. जाताना ती माझ्या पाया पडली. "तुमच्यामुळं माझं कुकू ऱ्हायलं," म्हणाली. मी पाय मागे घेतले आणि कामाचं निमित्त करून लॅबमध्ये शिरले. दोन महिने मला ते छळत राहिलं. रक्त काढताना "मूठ दाबा" हे शब्द तोंडात यायचे आणि जीभ चावावी लागायची.

शेवटी एका संध्याकाळी मी कट्ट्यावर गेले. तो म्हशीशेजारी उकिडवा बसला होता, अंगाने भरलेला. मला बघून उठायला लागला. मी म्हटलं, बसा, धार काढा. पेला घेऊन तो कासेवरून हात फिरवत राहिला, सावकाश, घाई नाही. माझ्या मागे एक गिऱ्हाईक कटकट करत होतं, "आटप की लेका." त्यानं वर न बघता सांगितलं, "पावणं, दमानं. आरडलं की दूध चोरती ती."

मी तिथेच बोलून टाकलं. त्या पहिल्या दिवशी मी ओरडले म्हणून तुम्ही मूठ दाबत बसलात, त्यामुळे आकडे चुकले, त्यामुळे तुमचे हातपाय गेले, आणि आणखी एक दिवस कळलं नसतं तर तुम्ही उरला नसता. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तो म्हणेल, जाऊ द्या बाई, तुमचं काय चुकलं. तसं सगळेच म्हणतात.

त्यानं पेला फेसासकट भरला, कडा बोटाने पुसली आणि माझ्या हातात दिला.

"व्हय की," तो म्हणाला. "लई आरडलासा. आमी दोघं बी भ्यालतो. प्या आता, गार हुतंय."